काटा शून्यावर येत नाही

७ डिसेंबर १९९७, रविवार

आजही दोनवर. उजवीकडं दोन. जीप खळ्यात नेहमीच्या जागी, तुळशीकडं तोंड करून उभी. आत चिटपाखरू नाही. हँडब्रेक लावलेला. मग जीपचा कल दाखवणाऱ्या ह्या काट्याला शून्यावर यायला काय धाड भरलीय? काचेवर टिचकी मारली. थरथरला, आणि परत दोनवर जाऊन बसला.

मोजणी खात्यात मी चोवीस वर्षं साखळी ओढली. पेण, रोहा, सुधागड, तिन्ही तालुक्यांतले बांध मोजले. माणूस खोटं बोलतो, यंत्र बोलत नाही, हे मी तिथं शिकलो आणि पुढं भेटेल त्याला ऐकवत आलो. म्हणून आज हे लिहिताना लाज वाटते. पण माझा भागीदार पुंडलिक होता तेव्हा रोज सकाळी निघायच्या आधी आम्ही दोघं जीपमध्ये बसून काटा बघायचो. बरोब्बर शून्य. तो गेल्यापासून एक दिवस शून्य दिसलेलं नाही. आणि सरकतो तो उजवीकडंच. उजवीकडं मी बसतो.

बायकोला, रंभाला सांगितलं. ती म्हणाली, "बॅटरी गेली असंल."

"त्याला बॅटरी नसते गो."

"मग तुमची गेली असंल."

ह्या बाईपुढं बोलायची सोय नाही.

११ डिसेंबर

सगुणा आली होती. पुंडलिकची बायको. दोन वर्षांत आमच्या ओट्यावर ही तिसरी खेप. जोह्याला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जाते, नखांत गुलाबी रंग होता. बस म्हटलं तर बसली नाही.

"भावजी, अर्धी जीप माझी हाय."

"हाय की वहिनी. नाय कोण म्हणतंय?"

"मग माझी अर्धी मला द्या."

"कुठली अर्धी?"

"स्टिअरिंगवाली."

रंभा आतून एवढ्यानं हसली की तिच्या हातातलं सूप खाली पडलं.  सगुणाला गाडी शिकायचीय. शिकून नुसती जित्याच्या स्टेशनावर फेऱ्या मारायच्या नाहीत, वरच्या वाडीला न्यायची आहे. घसाऱ्यावरून, जिथं पुंडलिक गेला. म्हणाली, "गोदूबाईच्या सुनेला झोळीत घालून खाली आणत होते. वाटेतच बाळंत झाली, आंब्याखाली. आपली जीप खळ्यात उभी ऱ्हाऊन काय अंडी घालते का?"

मी म्हटलं, बघू. 

१४ डिसेंबर, रविवार

ती विचारणार. सगळं परत विचारणार. म्हणून पंचनाम्यात आहे तसं इथं उतरवून ठेवतो, म्हणजे बोलताना चुकायला नको.

जीप लष्कराच्या लिलावातली, पुंडलिकची आणि माझी निम्मी-निम्मी. काटा मी मुंबईच्या जुन्या बाजारातून आणला. दोन गोल तबकड्या, प्रत्येकीत एक चिमुकली जीप रंगवलेली. एक तबकडी गाडी चढावर किती उभी आहे ते सांगते, दुसरी गाडी कुशीवर किती कलली ते. विकणारा म्हणाला, ही जीप चाळीस अंशाला उलटते, तुम्ही तीस धरून चाला. तिसावर मी रंभाच्या नेलपॉलिशनं तांबडी रेघ मारली. काटा बसवला आमच्याच खळ्यात, कारण खळं मी स्वतः चोपून, सारवून सपाट केलेलं. दोघं आत बसलो, मी स्क्रू फिरवून शून्य लावलं. पुढं रस्त्यावर काटा दोन-तीन अंश उजवीकडं दाखवायचा. मी म्हणायचो, रस्ताच वाकडा, ठेकेदाराची करणी. पुंडलिक म्हणायचा, "अरे, सगळा रायगड जिल्हा वाकडा आणि तुझं खळंच तेवढं सरळ का रे?" आणि पोट धरून हसायचा.

घसारा म्हणजे वाडीच्या वाटेवरची साठेक पावलांची आडवी चाल. उजवीकडं डोंगर, डावीकडं उतार. गाडी डावीकडं कलूनच पुढं सरकते. १९ ऑक्टोबर १९९५. परतीचा पाऊस पडून गेलेला. जीपमध्ये वाडीच्या शाळेचे पत्रे. पुंडलिक आपण होऊन खाली उतरला आणि चाकं बघायला उताराच्या अंगाला गेला. त्यानं हातानं 'ये, ये' केलं. मी काटा बघत गाडी पुढं घेतली. काटा चोवीसवर होता, तांबड्या रेघेच्या पुष्कळ आत. कड एकाएकी खचली. जीप डाव्या कुशीवर गेली. पुंडलिक खाली होता. मला खरचटलं.

हेच मी पोलिसांना सांगितलं, सगुणाला सांगितलं, वाडीला सांगितलं. लोक हळहळतात आणि वर म्हणतात, पुंडलिकनं तरी अक्कल कुठं गहाण ठेवली होती, उताराच्या अंगाला कुणी उभं राहतं का? सगुणा तेव्हा मान हलवते.

२१ डिसेंबर, रविवार

शिकवणी सुरू. भात कापून शेतं रिकामी पडलीत, तिथंच. पहिल्या दिवशी दोन बांध फोडले आणि रघूच्या वालाच्या वाफ्यातून आरपार गेली. रघू शिव्या देत धावत आला, आत सगुणा बघून शिव्या गिळल्या. ती खिडकीतून म्हणाली, "रघूदादा, वाल नीट पेरा हो, मधीमधी येतात."

हात चांगला आहे तिचा. क्लच सोडताना घाई करत नाही. मी डाव्या सीटवर बसलो होतो. पुंडलिकच्या जागेवर. पाठीला गार लागत होतं. दोन वर्षांत त्या सीटवर मी कुणाला बसू दिलं नाही, उतारू मागंच बसतात. आज मीच बसलो.

२८ डिसेंबर, रविवार

आज तिनं विचारलंच.

"भावजी, घसाऱ्यावर किती अंशापर्यंत जायचं?"

"तीस," मी म्हणालो.

"तिसाच्या आत काटा असला की भ्यायचं कारण नाय?"

"नाय."

तिनं बॉलपेननं तळहातावर तीस लिहिलं. पोरी परीक्षेला लिहून नेतात तसं.

मी काय करतोय? मला ठाऊक आहे घसाऱ्यावर काय झालं ते. ती काट्यावर विसंबणार, कारण काट्यावर विसंबायला मीच शिकवतोय. तिला खरं कळलं नाही तर ती मान खाली घालून, तांबडी रेघ बघत कडेवर जाणार आणि मरणार. खरं सांगितलं तर वाचेल. इतकं सोपं आहे. आणि मी तीस सांगून मोकळा होतो.

वाडीचे लोक कडेला दगड रचतायत. वाट तयार होतेय. मी मात्र सीमेवरच्या राखणदार देवाला नारळ ठेवून राखण देऊन आलो. मोजणी खात्याचा माणूस मी.

४ जानेवारी १९९८, रविवार

जीप रोह्याला विठू मेस्त्रीकडं नेली. म्हटलं, उजवीकडचे स्प्रिंगचे पाटे बसलेत का बघ, काटा शून्यावर येत नाही. त्यानं खाली शिरून तासभर ठोकाठोक केली. "पाटे ठणठणीत हायत. काटा उपटून टाका की! मी आयुष्यात काट्यावर गाडी चालवली नाय." मी रागानं निघालो.

परत येताना कोलाडला थांबलो, वडा खाल्ला. हॉटेलवाल्यानं दोन चहा आणून ठेवले. मी म्हटलं, एकच सांगितला होता. तो म्हणाला, "तुम्हीच दोन म्हणालात, काका." म्हणालो असेन. पुंडलिक बिनसाखरेचा प्यायचा. दुसऱ्या कपात साखर नव्हती. तेही मीच सांगितलं म्हणे.

पुढं नागोठण्यापर्यंत डावीकडं एकदाही बघितलं नाही. आरसासुद्धा तिकडचा बघितला नाही. मागून ट्रकवाला केवढ्यानं ओरडला.

घरी आल्यावर एक गोष्ट लिहायची ठरवली होती. तेवढी लिहितो. पुंडलिक आपण होऊन उतरला नव्हता.

पुढचं आज नाही.

११ जानेवारी

सगुणाला पेणहून शिकाऊ लायसन मिळालं. पेढे घेऊन आली. रंभानं तिला मिठी मारली. मी पेढा तोंडात धरून मागच्या दारी गेलो आणि थुंकला.

१८ जानेवारी, रविवार

आज जे झालं ते नीट क्रमानं लिहितो.

सगुणा सकाळी आली ती गवंड्याची पाण्याची नळी घेऊन. ती पारदर्शक असते ती, पाणसळ बघायची. म्हणाली, "तुम्ही सारखे काट्याशी भांडता, वैनी सांगत होत्या. मला आधी तुमचं खळं बघूं द्या."

"खळं सपाट हाय. मी केलंय."

"माझा जन्म मिठागरातला, भावजी. मिठाच्या वाफ्यात पाणी ह्या कोपऱ्यात बोटभर आणि त्या कोपऱ्यात दोन बोटं झालं तर बाबा आम्हाला जेवूं द्यायचे नाय. सपाट कशाला म्हणतात ते पाण्याला विचारायचं."

नळीचं एक टोक तिनं रंभाला उजव्या चाकापाशी धरायला लावलं, दुसरं स्वतः डाव्या चाकापाशी धरून बसली. पाणी डुचमळलं, थांबलं. तिनं बोटं लावून मोजली. डावीकडं जमीन चार बोटं खाली.

मी डोक्याला हात लावला. खळ्याला उतार ठेवतातच. पावसाचं पाणी साचू नये म्हणून. सगळेच ठेवतात, मीही चोपताना आखून ठेवला होता, आणि पुढं इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून विसरलो. दिसायला सपाट, म्हणून सपाट. सपाट म्हणून त्यावर शून्य लावलं.

"तीन अंश," मी हिशेब करून म्हणालो. "पण मग रोज शून्यावर यायचा तो आता दोनवर का जातो?"

सगुणानं नळी गुंडाळली. मग म्हणाली, "शून्य लावलं तेव्हा आत कोण होतं?"

"आम्ही दोघं."

"रोज बघायचे तेव्हा?"

"दोघंच."

"हे भातगिरणीच्या काट्यावर चढले होते त्या साली, आठवतंय? किती भरले?"

चौऱ्याण्णव किलो. गिरणीवाला म्हणाला होता, पुंडलिकदादाला दळू का सडू? सगळं गाव हसलं होतं.

रंभानं घरातून तांदूळ काढले. एक पन्नासाचं पोतं आणि दुसऱ्यात चव्वेचाळीस मापून घातले.  सगुणा म्हणाली, बसा तुम्ही तुमच्या जागी. बसलो. मग त्या दोघींनी दोन्ही पोती डाव्या सीटवर चढवली, तसा काटा हलायला लागला. दीडवर आला, एकवर आला, आणि शून्यावर येऊन थांबला.

काटा लावला तेव्हा पुंडलिक त्यात धरलेला होता. दोन वर्षं मी ज्याला घाबरलो ते एवढंच होतं. त्याचं वजन नव्हतं, म्हणून जीप माझ्या बाजूला ढळत होती.

सगुणानं पोत्यावर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. मी उतरलो नाही, हललोही नाही. हललो असतो तर काटा हलला असता.

१९ जानेवारी

आज सकाळपासून मला नाचावंसं वाटतंय. खळ्याचे तीन आणि पुंडलिकचे दोन, मिळून पाच अंशांची खोट. तीही डावीकडचीच, जीप डावीकडं पाच कललेली असताना काटा शून्य दाखवायचा. म्हणजे घसाऱ्यावर काटा चोवीस दाखवत होता तेव्हा जीप खरी एकोणतीसवर होती. काटा खोटा होता! मी नाही. चूक काट्याची.

संध्याकाळ. चोवीस आणि पाच एकोणतीस. एकोणतीस तिसाच्या आतच. चाळिसाच्या तर किती आत. पाच अंशांनी जीप पडली नाही. कड खचली म्हणून पडली. आणि कड खचतेय हे काट्यात दिसत नाही. ते दिसत होतं फक्त खाली उभ्या माणसाला.

२५ जानेवारी, रविवार

सगुणानं पेणच्या मोटारींच्या शोरूममध्ये जीप उभी करायला जागा मागितली, तिथली फरशी पाणसळीनं तपासली आणि रिकाम्या जीपचं शून्य नव्यानं लावलं. आता काटा शून्यावर येतो. मला वाटलं होतं बरं वाटेल. उलट घाबरलो. इतके दिवस निदान पुंडलिक माझ्यावर रागावून बाजूला बसलाय असं तरी होतं. आता जीपमध्ये कुणीच नाही.

आणि सगुणा गावभर सांगत सुटलीय, "भावजींची काय चूक? काटाच खोटा होता." विहिरीवर बायकांना सांगितलं. मला म्हणाली, "तुम्ही मनाला लावून घेऊं नका. दोन वर्षं वाळलात नुसते." माझी समजूत काढते ती. ती!

खरं लिहितो. एकदाच.

मी पुंडलिकला म्हणालो, "इथं बसून काय बघतोस? खाली जा, डावं चाक बघ." तो म्हणाला, "अरे, कड ओली हाय, उद्या जाऊ." मी म्हणालो, "काटा आहे ना." तो उतरून गेला. मी गाडी पुढं घेतली. वीस, बावीस, चोवीस. मोठं समाधान वाटत होतं मला, सगळं कसं मापात चाललंय. त्याचा आवाज आला. इंजिनात शब्द कळले नाहीत. मी वर बघितलं नाही, कारण काटा पंचविसाकडं सरकतोय का ते बघायचं होतं. आवाज परत आला. तेव्हा बघितलं. त्यानं दोन्ही हात वर केले होते, पंजे माझ्याकडं. 'ये' म्हणताना माणूस हात स्वतःकडं ओढतो. हा थांब म्हणत होता. माझा पाय ब्रेकवर जाईपर्यंत कड गेली.

तो पळूही शकला असता पहिल्या हाकेला. पळाला नाही. मी बघेन म्हणून उभा राहिला.

१ फेब्रुवारी

सगुणाच्या दारापर्यंत गेलो. ती अंगणात पापड वाळत घालत होती. म्हणाली, "काय भावजी?" म्हटलं, टायरमध्ये हवा बघून ठेव. आणि परत आलो. थू माझ्यावर.

पुढच्या रविवारी घसारा.

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी आठला निघालो. रिकामी जीप. सगुणा चालवत होती, मी डावीकडं. वाटभर स्वतःला सांगत होतो, त्या आंब्यापाशी सांगू. आंबा गेला. त्या कातळापाशी सांगू. कातळ गेला. घसाऱ्याच्या तोंडाशी तिनं गाडी थांबवली.

"उतरा भावजी. मला डावं चाक दिसत नाय. हे जिथं उभे होते तिथं जाऊन उभे ऱ्हावा."

गेलो. जागा शोधावी लागली नाही. तिथं उभा राहून वर वळून बघितलं. दोन वर्षांत ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. तिथून ड्रायव्हरचं तोंड स्वच्छ दिसतं. डोळे कुठं आहेत तेसुद्धा दिसतं. म्हणजे त्याला मी दिसत होतो. मान खाली घालून काट्यात डोळे खुपसलेला. तो हात वर करून माझं टाळकं बघत होता, हा आता वर बघेल, आता बघेल.

सगुणा निघाली. हळू, पहिल्या गियरमध्ये. ती माझ्याकडं बघत होती, मग जमिनीकडं, परत माझ्याकडं. पंधरा-वीस पावलं आली असेल. पुढच्या डाव्या चाकाखालून, रचलेल्या दगडांमधून, नारळाएवढा एक धोंडा सुटला आणि माझ्या पायाशेजारून गडगडत गेला. माझे हात आपोआप वर गेले. मला वाटतं मी ओरडलोही.

जीप जागच्या जागी थांबली.

तिनं इंजिन बंद केलं, चाकाला दगड लावला आणि माझ्यापर्यंत उतरून आली. मी मूर्खासारखं विचारलं, "काटा किती होता?"

"बघितला नाय." ती माझ्या हातांकडं बघत होती. ते अजून वरच होते. "भावजी, ह्यांनीबी असेच हात केले होते का?"

नाही म्हणता आलं असतं. पाठ होतं सगळं.

"व्हय," मी म्हणालो.

"ये म्हणाले नाय?"

"नाय. थांब म्हणाला. दोनदा."

"आणि तुम्ही?"

"मी काटा बघत होतो."

"खाली कुणी धाडलं त्यांना?"

"मी. तो उद्या जाऊ म्हणत होता."

ती मटकन खाली बसली. मला वाटलं रडेल. रडली नाही. मातीत हात घालून बसली.

"दोन वर्षं मी त्या माणसाला शिव्या घातल्या," ती म्हणाली. "बायको हाय, पोर हाय, कसला विचार न करता उताराला जाऊन उभा ऱ्हायला, वर 'ये, ये' करत होता, म्हणून. फोटोला फूल वाह्यलं नाय मी. वर्षश्राद्धाला माहेरी जाऊन बसले, मिठागरात, त्याचं तोंड बघायला नको म्हणून. पोरीला सांगितलं, तुझा बाप येडा होता." मग वर बघून म्हणाली, "रडलेसुद्धा नाय रे मी त्याच्यासाठी. तेबी तू काढून घेतलंस माझ्याकडून."

तिनं मला आजवर कधी एकेरी हाक मारली नव्हती.

"वहिनी..."

"बोलूं नको."

ती उठली, दगड काढला, आणि घसाऱ्यावरून जीप एकटीनं उलटी मागं घेतली. मी चालत खाली आलो.

९ फेब्रुवारी

रंभाला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही.

"ठाऊक होतं मला."

"कसं?"

"झोपेत बडबडता तुम्ही. 'बघितलं नाय, बघितलं नाय.' ज्याला हातानं बोलावलं तो माणूस असं कशाला बडबडंल?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते." तिनं खडा टाकला. "लय थांबले हो."

१२ फेब्रुवारी

सगुणा चार दिवस जोह्याला गेलेली नाही. आज तिच्या घरावरून जाताना रडणं ऐकू आलं. मोठमोठ्यानं, नाव घेऊन, मयत घरात असताना बायका रडतात तसं. शेजारच्या दोघीतिघी जणी आत धावल्या. सीताबाई मला रस्त्यात विचारत होती, "काय गो बाई हे, दोन वर्षांनी? कुणी काय केलं तिला?"

मी म्हणालो, "मी केलं." आणि तिथंच उभं राहून तिलाही सगळं सांगितलं. तिनं तोंडावर पदर धरला आणि माझ्यापासून दोन पावलं मागं सरली. मी तिथून हललो नाही. रडणं थांबेपर्यंत ऐकलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

सगुणा आली. डोळे सुजलेले. ह्या वेळी ओट्यावर बसली.

मी म्हणालो, "उद्या पेणला जातो. पोलिसांत जबाब बदलून देतो. जीप सगळी तुमच्या नावावर करतो."

"जबाबाचं तुझं तू बघ. जायचं तर जा. जीप मला अर्धीच पायजे, ती हाय." मग म्हणाली, "मी माफ केलं असं समजूं नको. ते माझ्याच्यानं व्हईल असं वाटत नाय. पण वाडीला गाडी जाणार, आणि मी नेणार. मला घसाऱ्यावर खाली माणूस पायजे. आणि खालच्यानं हात वर केल्यावर वरच्यानं बघितलं नाय तर काय होतं, ते तुझ्याएवढं ह्या तालुक्यात कुणाला ठाऊक नाय."

तिनं डोंगराकडं हात केला.

"उताराच्या अंगाला नाय उभं ऱ्हायचं. पुढं, डोंगराच्या अंगाला, कड बी दिसंल आणि मलाबी दिसशील असं. रोज. म्हातारा होईस्तवर."

"व्हय," मी म्हणालो.

"सातला ये."

१६ फेब्रुवारी

पेणला दुपारी जाऊन आलो. जबाब घेतला, साहेब म्हणाले कळवू.

त्याआधी सकाळी पहिली फेरी झाली. नऊ माणसं, शाळेचा फळा, आणि नातवाला मांडीवर घेऊन गोदूबाई. घसाऱ्याच्या तोंडाशी सगळ्यांना उतरवून चालत पुढं पाठवलं. मी पुढं जाऊन डोंगराला पाठ लावून उभा राहिलो. सगुणा आली.

मी दोनदा हात वर केला. दोन्ही वेळा ती थांबली.